चोडणची सहल: आधी तिथी बघा, मग वार

तुमचा प्रश्न असा आहे: सावंतवाडीहून अकरावीच्या चाळीस मुलांना एका दिवसात गोव्यातल्या चोडण बेटावरचं सलीम अली पक्षी अभयारण्य दाखवून आणता येईल का, आणि रविवार धरावा की शनिवार?

येईल. पण वाराचा विचार नंतर करा, आधी तिथी बघा. मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतो. पहिल्यांदा मुलांना घेऊन गेलो तो पौर्णिमेचा रविवार होता. अकराला पोचलो तर मांडवी नदीचं पाणी चढत चाललेलं, चिखल सगळा बुडालेला. तासभर मुलांनी पानं पाहिली. एकाने विचारलं, "सर, पक्षी कुठल्या शिफ्टला येतात?"

चूक माझीच होती. तुतारी, टिलवे, बगळे हे पाणपक्षी चरतात ते उघड्या चिखलात, आणि तो उघडा पडतो ओहोटीला. आपल्याकडचे जुने दर्यावर्दी तिथीच्या आकड्याची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगतात: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. त्याच्या सहा तास आधी ओहोटी. म्हणजे शुद्ध असो वा वद्य, चतुर्थी-पंचमीला सकाळी नऊ ते पावणेदहाच्या सुमारास पाणी उतरलेलं असतं. कालनिर्णय उघडा, नोव्हेंबर ते फेब्रुवारीत असा सुट्टीचा दिवस शोधा. हिशोब ढोबळ आहे, तेव्हा पक्की वेळ मुरगाव बंदराच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून ताडून घ्या. चोडणची फेरी जिथून सुटते ते रायबंदर नदीत आत असल्यामुळे थोडा उशीर धरा.

दुसऱ्या खेपेला पंचमी साधली. सहाला निघालो. पणजीहून रायबंदरच्या जुन्या बांधरस्त्याने जाताना डाव्या-उजव्या दोन्ही खिडक्या मुलांना वाटून दिल्या, कारण कडेच्या मिठागरांतच बगळे दिसायला लागतात. बस रायबंदरच्या धक्क्यावर सोडली. फेरीबोटीने पाच-दहा मिनिटांत पलीकडे. एवढ्यात डोक्यावर ब्राह्मणी घार फिरली की समजा मुलं तुमच्या ताब्यात आली.

अभयारण्य धक्क्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. 1988 साली जाहीर झालेलं, जेमतेम पावणेदोन चौरस किलोमीटरचं. त्यामुळे चाळीस जण एकदम आत घालू नका. वीस आत, वीस धक्क्यावर घारी-बगळे मोजत, आणि तासाने अदलाबदल. शाळेच्या लेटरहेडवर वनखात्याची परवानगी आधीच काढा.

आत गेल्यावर पक्ष्यांची यादी करायच्या मागे लागू नका. खाली बघायला लावा. तिवराची पेन्सिलीसारखी वर आलेली श्वसनमुळं, त्यांच्यामधून चिखलात उड्या मारणारे निवट्या मासे, एकच नांगी अवाढव्य असलेले नर खेकडे. पुस्तकात 'क्षार उत्सर्जन' हा शब्द मी दहा वर्षं शिकवला. इथे तिवराचं पान न तोडता त्याच्या मागच्या बाजूला बोट फिरवून चाखायला सांगितलं, आणि तो विषय पुन्हा शिकवावा लागला नाही. कांदळाच्या झाडावर लोंबणाऱ्या शेंगा म्हणजे आईच्या अंगावरच रुजलेली रोपं, हेही तिथेच दाखवा. पांढऱ्या गळपट्ट्याचा निळा खंड्या दिसला तर नशीब. आम्हाला दिसला तेव्हा एका मुलीच्या डब्याचं झाकण पडलं आणि तो गेला.

मुलं मगर विचारतीलच. मगरी बघायला लोक कुंभारजुव्याच्या कालव्यात बोटीने जातात, ती वेगळी सहल. खाडीत होडीने फिरायचं असेल तर उलट भरती लागते, आणि होडीत माणसं मावतात मोजकी. चाळीस मुलांसाठी तो नाद सोडा.

पाणी, डबा सोबत ठेवा. बाकीची सोय पणजीतच उरकून मगच फेरी गाठा. आणि चपला नकोत. आमची एक अजून चोडणच्या चिखलातच आहे.