इंजिन ऑइल कमी होत असेल तर

आपण नव्याने गाडी वापरू लागला आहात, म्हणून आग्रहाने सांगतो: ऑइलचा लाल दिवा लागण्याची वाट पाहू नका. बहुतेक गाड्यांत तो दिवा ऑइलची पातळी नव्हे, तर दाब दाखवतो. तो लागतो तेव्हा बेअरिंगपर्यंत (इंजिनातील फिरत्या भागांना आधार देणाऱ्या भागांपर्यंत) पुरेसे ऑइल पोहोचत नसण्याची शक्यता असते आणि तशा अवस्थेत गाडी काही मिनिटे चालवली तरी इंजिनाचे कायमचे नुकसान होऊ शकते. दिवा लागलाच, तर गाडी सुरक्षित जागी घेऊन इंजिन ताबडतोब बंद करावे.

पातळी डिपस्टिकने, म्हणजे इंजिनात खोचलेल्या खुणांच्या पट्टीने, पाहावी. गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर ५ ते १० मिनिटे थांबून, पट्टी पुसून पुन्हा पूर्ण आत घालावी आणि मगच खूण वाचावी. ऑइल थोडे थोडे घालावे. जास्त झाले तर ते घुसळून फेसाळते आणि नीट वंगण करत नाही.

कुठेही गळती नसताना ऑइल घटत असेल, तर ते बहुधा जळत असते. रात्रभर उभी असलेली गाडी सुरू करताना क्षणभर निळसर धूर दिसला, तर व्हॉल्व्हच्या सीलांवर (व्हॉल्व्हजवळून ऑइल आत झिरपू न देणाऱ्या रबरी कड्यांवर), आणि वेग वाढवताना सतत दिसला, तर पिस्टनच्या रिंगांवर (सिलिंडरमध्ये वरखाली होणाऱ्या पिस्टनभोवतीच्या कड्यांवर) माझा पहिला संशय जातो. असे ऑइल जळत राहिले तर धुरातील विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही हळूहळू निकामी होतो. दर १,००० किलोमीटरला किती ऑइल घालावे लागले, हे वहीत लिहून ठेवा; मेकॅनिकला ती नोंद फार उपयोगी पडते.