नवीन पीसी गेम लावताच ९८ डिग्रीवर जातो. पेस्ट बदलू का?

तुम्ही लिहिलंय: इंटेलचा आय५-१२४००एफ प्रोसेसर, त्याच्या डब्यातलाच कूलर, नुसता डेस्कटॉप उघडा असताना ६२ डिग्री, गेम लावला की दहा सेकंदांत ९८, खोली ३४. दुकानदार म्हणतो महागातली पेस्ट (प्रोसेसर आणि कूलरच्या मधली, उष्णता पुढे नेणारी) लावा, नाहीतर लिक्विड कूलर घ्या.

दोन्ही घेऊ नका. या पेस्टवाल्यांशी माझा जुना वाद आहे. बऱ्या पेस्टमध्ये आणि महागड्या पेस्टमध्ये फरक पडून पडतो किती, तर दोन-चार डिग्री. तुमचं तापमान वीस-पंचवीसने जास्त आहे. कूलर प्रोसेसरवर नीट टेकलेलाच नाही.

हे कळतं वॅटवरून. नुसत्या डिग्री बघून काही उमगत नाही. एचडब्ल्यूइन्फो (पीसीचं तापमान आणि वॅट दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडा, 'सीपीयू पॅकेज पॉवर' बघा. तापमानातून खोलीचं तापमान वजा करा आणि उरलेल्याला वॅटने भागा. हा प्रोसेसर रिकामा बसलेला असताना १०-१५ वॅट घेतो. म्हणजे ६२ वजा ३४, २८ भागिले १५: जवळपास दोन. नीट बसलेल्या डब्यातल्या कूलरला हा आकडा ०.७ च्या आसपास यायला हवा. शिवाय दहा सेकंदांत उडी मारणारं तापमान संपर्काचा दोष सांगतं; कॅबिनेटमध्ये हवा कोंडली असेल तर ते दहा-पंधरा मिनिटं हळूहळू चढत जातं.

आता पिनांकडे या. या कूलरच्या चार प्लास्टिक पिनांपैकी एखादी अर्धवट राहते आणि वरून चारही बसल्यासारख्या दिसतात. डोक्यावरचा बाण 'सोडण्याची' दिशा दाखवतो, तो बघून फिरवणारे पिन लावताना ती उघडून ठेवतात. मदरबोर्ड कॅबिनेटबाहेर काढा, मागून बघा: चारही भोकांतून फाकलेली टोकं आणि त्यांच्या मधोमध काळी पिन बाहेर आलेली दिसली पाहिजे. एक जरी दिसली नाही तरी कूलर काढून पुन्हा बसवा. काढण्याआधी पीसी पाच मिनिटं चालवून गरम करा, मग बंद करून प्लग काढा. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. हो, आता पेस्ट लागेलच, पण साधी, वाटाण्याएवढी, मधोमध. पिनांचे खाचे आधी बाणाच्या उलट फिरवून ठेवा, मग समोरासमोरच्या कोपऱ्यांच्या जोड्या एकदम दाबा, 'टक' आवाज येईपर्यंत. बोर्ड थोडा वाकतो, घाबरू नका. वेगळा कूलर घेतला असेल तर तळाची पारदर्शक फिल्म काढली का तेही बघा.

पंख्याची वायर 'सीपीयू फॅन' लिहिलेल्या पिनांवरच हवी. दुसरीकडे लावली तर काही बोर्डांवर पंखा प्रोसेसरच्या नाही, बोर्डाच्या तापमानावर फिरतो आणि गेममध्येही सुस्त राहतो.

मग सिनेबेंच, म्हणजे प्रोसेसरवर पूर्ण ताण टाकणारी चाचणी, दहा मिनिटं चालवा. ७५ वॅटच्या आसपास ८५ डिग्री आली तर या कूलरकडून तेवढंच मिळतं. कमी हवं असेल तर चार हीट पाइपचा, १२० मिमी पंख्याचा साधा टॉवर कूलर घ्या. कागदावर ६५ वॅटच्या असलेल्या प्रोसेसरवर लिक्विड कूलर बसवणं म्हणजे दुकानदाराच्या गल्ल्याची सोय. कॅबिनेटच्या बाजूची काच काढल्यावर तापमान पाच-सात डिग्रीने उतरलं तर दोष हवेचा: पुढे दोन पंखे हवा आत घेणारे, मागे एक बाहेर टाकणारा.

हे सगळं तुमच्या प्रोसेसरपुरतं. एएमडीच्या रायझन ७६००एक्स प्रोसेसरवर पूर्ण लोडमध्ये ९५ दिसणं हा त्याच्या रचनेचाच भाग आहे, तिथे बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंग्जमध्ये) ६५ वॅटचा इको मोड लावला की ते बरंच उतरतं. आणि पीसी चार-पाच वर्षं जुना असता तर पेस्ट सुकली असावी, असं मीही म्हणालो असतो.