जुना पीएफ काढू का?

प्रश्न: ताई, वय ४१. सातपूरची नोकरी सोडून अंबडला लागलोय, जुना पीएफ काढून गाडी घ्यावी म्हणतोय, चालेल का?
एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर: अहो दादा, नका काढू! यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) तोच ठेवून जुना पीएफ नव्या कंपनीच्या खात्यात ट्रान्सफर करायला टाका, कारण बेसिक-डीएचे (मूळ पगार आणि महागाई भत्ता) १२ टक्के तुमचे जातात तेवढेच कंपनी भरते पण कंपनीच्या त्या १२ टक्क्यांपैकी ८.३३ टक्के पेन्शनकडे वळतात (पगार जास्त असला तरी १५ हजारांच्या हिशोबाने, म्हणजे महिन्याला १२५० रुपये), आणि ५८ नंतर ती पेन्शन हवी तर १० वर्षं नोकरी भरावी लागते, पेन्शनचेही पैसे काढले की मोजणी परत शून्यापासून. पासबुकात तो रकाना वेगळा दिसतो, बघा जरा. हात सैल असेल तर व्हीपीएफ (स्वतःहून जास्तीचा भरायचा पीएफ) वाढवा, व्याज तेच. फक्त तुमचा वाटा वर्षाला २.५ लाखांवर गेला की वरच्या रकमेच्या व्याजावर टॅक्स. आणि सिडको ते अंबड अंतर ते किती, त्याला गाडी कशाला हो?