ठराव आधी की डिबेंचर आधी?

तुमच्या पत्राचा मथितार्थ असा: खासगी कंपनीच्या १,००,००० शेअरपैकी १२,००० तुमचे. तीन वर्षांपूर्वी कंपनीने ६० लाखांचे परिवर्तनीय डिबेंचर, म्हणजे पुढे शेअरमध्ये बदलता येणारे कर्जरोखे, एका गुंतवणूकदाराला दिले. आता शंभर रुपयांना एक या भावाने त्यांचे शेअर होणार, असं कंपनीने कळवलंय. 'नवे शेअर आधी आम्हाला नकोत का द्यायला?' हा तुमचा सवाल. असाच सवाल घेऊन बरेच भागधारक येतात, आणि जवळपास सगळेच उशिरा येतात.

शेअर वाढले की टक्का घसरतो, हे सांगायला वकील लागत नाही. मुद्दा कंपनी कायदा, २०१३ च्या कलम ६२ चा आहे. नवे शेअर आधी जुन्या भागधारकांना देऊ करावेत, हे पोटकलम १ सांगतं. पोटकलम ३ मात्र डिबेंचरच्या रूपांतराला त्यातून मोकळं करतं. अट एकच: रूपांतराच्या अटी डिबेंचर काढण्यापूर्वी सर्वसाधारण सभेत विशेष ठरावाने मंजूर झालेल्या असाव्यात. या 'पूर्वी'वर तुमचं सगळं प्रकरण अडकलंय.

म्हणून दोन तारखा काढा. ठरावाची तारीख सभेच्या इतिवृत्तात मिळेल. लेखी मागितल्यावर सात कामकाजी दिवसांत त्याची प्रत देणं कंपनीला भाग आहे. तोच ठराव एमजीटी-१४ या ठराव नोंदवण्याच्या फॉर्ममध्ये कंपनी निबंधकांकडे गेलेला असायला हवा. डिबेंचर वाटपाची तारीख पीएएस-३ या वाटपाच्या फॉर्ममध्ये सापडेल.

तुम्ही लिहिता, 'सभेची नोटीस आली होती बहुधा, फाइलला लावली.' फाइलला! विशेष ठरावाला विरोधी मतांच्या किमान तिप्पट मतं लागतात. तुमच्या एकट्याच्या बारा टक्क्यांनी तो अडला नसता, पण भाव कसा ठरवला हे तरी सभेत विचारता आलं असतं. आता तीच नोटीस शोधा आणि तिच्यासोबतचं स्पष्टीकरण वाचा. 'रूपांतराचा भाव संचालक मंडळ यथावकाश ठरवेल' एवढंच त्यात असेल, तर अटी खऱ्या अर्थाने मंजूर झाल्याच नाहीत असं म्हणायला जागा आहे. अशा तक्रारी ऐकणारं राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरण ते मान्य करेल, अशी हमी मी देणार नाही.

वेळ दवडू नका, याचं कारण वेगळंच आहे. रूपांतरानंतर एकूण शेअर १,६०,००० होतील आणि तुम्ही साडेसात टक्क्यांवर याल. कलम २४१ खाली दडपशाहीची तक्रार करायला एक दशांश भागभांडवल किंवा एक दशांश सभासद लागतात. आज तुम्ही एकटे पुरता. नंतर दुसरा सभासद जोडीला घ्यावा लागेल, नाहीतर या अटीतून सूट मिळावी म्हणून आधी वेगळा अर्ज. त्या अर्जाच्याच तारखा पडत राहतात आणि मूळ तक्रार कपाटात. टक्का ज्या वाटपाने घसरला त्यालाच आव्हान असेल तर जुना टक्का धरावा, असा युक्तिवाद करता येतो. पण दारातच भांडण कशाला? कंपनीत दहा किंवा त्याहून कमी सभासद असतील तर ही चिंता नाही.

ठराव आधीचा आणि अटी स्पष्ट असतील, तर तक्रारीच्या भानगडीत पडू नका. नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल मागा, शंभराचा भाव तपासा, तेवढंच.

दोन्ही तारखा कळवा. आणि कंपनीच्या पत्राचं दुसरं पान पाठवा. रूपांतराची तारीख त्यावरच असणार.