सैनिकाच्या घरातल्या म्हाताऱ्यांकडं पहिल्यांदा जातोयस तर

भावा, पहिलं म्हणजे फळांची पिशवी नि फोटो काढणारा पोरगा घेऊन जाऊ नको. बेळगावजवळ खानापूर, येळ्ळूर बाजूला मराठा लाईट इन्फंट्रीतून रिटायर झालेले, 1971 चं युद्ध बघितलेले आजोबा अजून आहेत, त्यांना दया नको असते, कोणतरी बसून ऐकावं एवढंच, आणि ऐकू कमी येतं म्हणून ओरडू नको, समोर बसून सावकाश बोल.

गोळ्यांचं पाकीट स्वतः हातात घेऊन बघ. "हाय की औषध" म्हणतात नि बीपीच्या दोनच गोळ्या उरलेल्या असतात. युक्रेनमध्ये 2022 पासून तेच चाललंय, लढाईजवळच्या गावांत मागं राहिले त्यात म्हातारेच जास्त, घर-गुरं सोडवत नाहीत, जिने उतरवत नाहीत, आणि लागतं काय तर औषध, सरपण, पेन्शन. तिथं पोस्टाची गाडी पेन्शन घेऊन गावात जाते. आपल्याकडं पेन्शनसाठी लागणारा हयातीचा दाखला अडतो, शेतात राबून बोटांचे ठसे झिजलेले असतात ना, मग मोबाईलवर चेहरा दाखवून जीवन प्रमाण, म्हणजे तोच दाखला डिजिटल, काढता येतं, ते आधी स्वतः शिकून घे नि मगच जा.

मे 2025 मध्ये पाकिस्तानशी संघर्ष पेटला तेव्हा नातू बॉर्डरवर असलेल्या आज्ज्या रात्रभर टीव्हीसमोर बसायच्या. अशावेळी टीव्ही बंद करा म्हणू नको, जवळ बस, जेवला काय विचार, पोराचा फोन लागत नसला तर उगीच अंदाज सांगू नको. निघताना ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, कार्ड चालू आहे काय तेवढं बघून घे.