विस्कटलेले कुरळे केस हवेत? मग आधी वेण्या घाल

अगं, कर्लिंगचं मशीन इतक्यात घेऊ नकोस. तुझ्या लांब केसांना सुरुवातीला साध्या वेण्या पुरतात. केस धुऊन जवळजवळ वाळू दे. हाताला गार लागावेत, पण पाणी टपकू नये. मग चार-पाच सैल वेण्या घालून झोप. ओल्या केसांतले हायड्रोजन बंध, म्हणजे केसाला आकार देणारे सूक्ष्म जोड, सुटतात आणि वाळताना नव्या वळणात पुन्हा जुळतात. त्यामुळे वेणी आतून दमट असताना सोडलीस, तर वळण टिकणारच नाही. आपल्या जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात ही अडचण नाही, पण श्रावणात जाड वेणी सकाळी उकलण्याआधी बोटाने चाचपून बघ.

नवीन मुली हमखास इथे चुकतात:

- वेणी सोडली की कंगवा. फणी लागली की केस कापसाच्या बोंडासारखे फुगलेच समज. फक्त बोटं फिरव.
- सगळ्या वेण्या सारख्या. एक जाड, एक बारीक अशा घाल आणि कानाखालून सुरू कर. विस्कटलेपणा त्यानेच येतो.
- शेंड्याला घट्ट रबर. टोक सरळच राहतं. शेंडा गुंडाळून पिन लाव.
- चापून तेल. वेण्या सोडल्यावर दोन थेंब तळव्यावर चोळ आणि टोकांना लाव, बस.

बोअरच्या जड पाण्याने केस राठ होत असतील, तर शेवटचे एक-दोन तांबे आरओ फिल्टरच्या पाण्याचे घे.

मूस (केसांना लावायचा फेस), स्प्रे वगैरे पुढे बघू. आणि हो, पहिला प्रयोग कुणाच्या हळदीच्या आदल्या रात्री करू नकोस, एखाद्या रविवारी घरीच करून बघ.