निकालाच्या आधी थांबव

प्रिय,

धाकट्या भावाला यंदा घरीच शिकवायचं ठरलं आणि त्याचं विज्ञान तुझ्या वाट्याला आलं. पंधरा वर्षांचा मुलगा, पुस्तक उघडलं की जांभया देतो आणि 'मिथबस्टर्स' ही रूढ समजुती प्रयोग करून तपासणारी टीव्ही मालिका लागली की जागचा हलत नाही. या मालिकेवर विज्ञानाचे काही महिने उभे करता येतील का, असं तू विचारलंस. येतील, आणि चांगले उभे राहतील. पण भाग लावून द्यायचा आणि शेवटी चार प्रश्न विचारायचे, असं केलंस तर त्याच्या डोक्यात फक्त किस्से उरतील. मालिकेतला निकाल त्याला कुठेही आयता वाचायला मिळेल. शिकण्यासारखं सगळं आहे ते निकालापर्यंतच्या वाटेत, म्हणून रिमोट तुझ्या हातात ठेव आणि दर वेळी निकालाच्या आधी थांबव.

आधी मालिका नीट ओळखून घे. मूळ मालिका डिस्कव्हरी वाहिनीवर जानेवारी २००३ ते मार्च २०१६ अशी चालली. अ‍ॅडम सॅव्हेज आणि जेमी हाइनमन हे दोघं मुख्य सादरकर्ते स्पेशल इफेक्ट्सच्या कामातून आलेले. त्यामुळे यंत्र बांधणं, मोजमाप बसवणं, फसलेली जुळणी दुरुस्त करणं यात त्यांचा हात धरणारं कोणी नाही. संख्याशास्त्र ही मात्र त्यांची दुबळी बाजू. एखादी गोष्ट एकदा-दोनदा करून ते निकाल देतात. तुझ्या भावासाठी या दोन्ही गोष्टी कामाच्या आहेत: पहिली शिकून घ्यायला, दुसरी पकडायला.

एका भागात सहसा दोन-तीन समजुती एकमेकींत गुंफलेल्या असतात. थोडं हिचं, थोडं तिचं, आणि प्रत्येक जाहिरातीनंतर मागची उजळणी. त्यामुळे भाग हे एकक धरू नकोस, समजूत धर. तू आधी एकटीने भाग बघ आणि एकाच समजुतीचे तुकडे कुठे सुरू होतात, कुठे संपतात त्या वेळा मिनिट-सेकंदांसह कागदावर लिही. उजळण्या गाळल्या की एका समजुतीचं दृश्य साधारण पंधरा-वीस मिनिटांचं उरतं. यात एक धोका आहे. जाहिरातीआधी निवेदक पुढचं दृश्य दाखवून उत्सुकता चाळवतो आणि तिथेच पुष्कळदा निकाल फुटतो. तुझी थांबायची वेळ त्या झलकेच्या आधीची हवी.

थांबायच्या जागा तीन. पहिली, दावा सांगून झाल्यावर. दुसरी, छोट्या प्रमाणावरचा प्रयोग झाल्यावर, मोठा सुरू होण्याआधी. तिसरी, आकडे आल्यावर पण निकाल सांगण्याआधी. दुसऱ्या जागेवर घाई करू नकोस. प्रतिकृती दुप्पट मोठी केली की वजन आठपट होतं, पण आधाराच्या छेदाचं क्षेत्रफळ चौपटच होतं. म्हणून टेबलावर टिकलेली वस्तू मैदानात कोसळते. हे त्याने एकदा ठोकळे मांडून मोजलं की पुढच्या प्रत्येक भागात 'मोठं केल्यावर काय बदलेल?' असं तोच विचारू लागेल.

एक मोठी वही घे. डावं पान निकालाआधीचं, उजवं नंतरचं. डाव्या पानावर दावा एका वाक्यात, काय बदलतोय, काय मोजतोय, काय मुद्दाम तसंच ठेवलंय, तुलनेसाठीचा गट कोणता, आणि शेवटी स्वतःचा अंदाज आकड्यात. 'गाडी खूप चेपेल' हा अंदाज झाला नाही. 'अर्धा मीटर चेपेल' हा झाला. शेजारी खात्री किती तेही लिहायचं, शंभरपैकी साठ की नव्वद. पेनने लिहू दे. चुकलं तर एक रेघ मारून खाली नवं लिहायचं, खोडायचं नाही. दोन-तीन आठवड्यांनी नव्वदची खात्री किती वेळा फसली ते मोजायला सांग. ती मोजणी त्याची त्यालाच बरंच काही सांगते.

वेळेचं गणित असं ठेव: वीस मिनिटं बघण्यामागे किमान दीड तास काम. आठवड्याला एकच समजूत पुरते. दोन घेतल्या की वही भरते आणि डोकं रिकामं राहतं. आठवड्यातून एक संध्याकाळ मात्र वहीशिवाय, तुम्ही दोघांनी नुसतं बघायची. त्या संध्याकाळी एकही प्रश्न विचारू नकोस, कितीही सुचला तरी. आवडती गोष्ट पूर्णपणे अभ्यासाला जुंपली की पंधरा वर्षांचं पोर ती टाकून देतं, आणि मग तुझ्याकडे ना मालिका राहील ना विज्ञान.

आता सर्वांत मोलाचं प्रकरण, आणि हे पहिल्याच महिन्यात घे: २००५ सालचं जांभईचं. दावा असा की जांभई संसर्गजन्य असते. प्रयोगात एकूण ५० माणसं. ३४ जणांसमोर मुद्दाम जांभई दिली, १६ जणांसमोर दिली नाही, आणि मग लपवलेल्या कॅमेऱ्यातून बघितलं. ३४ पैकी १० जणांनी जांभई दिली, १६ पैकी ४ जणांनी. म्हणजे २९ टक्के आणि २५ टक्के. निकाल दिला: खरं ठरलं. तू मात्र आकडे आल्यावर, निकालाआधी थांब आणि त्यालाच विचार, तू काय निकाल देशील? बहुतेक तो म्हणेल २९ मोठे आहेत, म्हणजे खरं. त्या क्षणी त्याला दुरुस्त करू नकोस. पत्ते काढ.

बावन्न पानांतून किलवरची कोणतीही दोन बाजूला ठेव, ५० उरतील. बदामची तेरा आणि इस्पिकचा एक्का ही १४ पानं म्हणजे जांभई देणारी माणसं, बाकीची ३६ न देणारी. आता आपण असं धरतो की समोरच्याच्या जांभईचा काहीही परिणाम नाही. ही १४ माणसं कुठल्याही गटात असती तरी जांभई देणारच होती. पत्ते नीट पिस, दर खेपेला निदान सात वेळा, नाहीतर मागच्या डावाची चिकटलेली पानं एकत्रच येतात आणि आकडे बिघडतात. मग ३४ पानं वाटत बसायची गरज नाही. फक्त १६ वाट आणि त्यात जांभईवाली किती ते मोज. चार किंवा कमी आली, तर उरलेल्या ३४ मध्ये दहा किंवा जास्त असणारच, म्हणजे मालिकेत दिसला तेवढा किंवा त्याहून मोठा फरक नुसत्या पिसण्यातून पडला. असे ५० डाव करा आणि प्रत्येकाचा आकडा वहीत मांडा.

साधारण निम्म्या डावांत तेवढा फरक पडलेला दिसेल. जांभईचा काडीइतका परिणाम नसतानाही दर दोन प्रयोगांत एकदा असाच निकाल हाती येतो, मग त्यावरून 'खरं ठरलं' कसं म्हणायचं? हे त्याच्या स्वतःच्या हाताखालून बाहेर पडलं पाहिजे. तू तोंडी सांगितलंस तर तो मान डोलावेल आणि विसरेल. दहा-बारा डावांनंतर तो कंटाळेल, तेव्हा अर्धे डाव तू कर, पण पन्नासाच्या आत सोडू नका. दहा डावांत सात किंवा तीन येणं सहज शक्य आहे आणि तेवढ्यावर तो भलताच निष्कर्ष काढील. नंतर तेच काम संगणकाकडून दहा हजार वेळा करून घेता येतं. प्रोग्रामिंगची सुरुवात करायला याहून चांगलं निमित्त मला माहीत नाही.

इथे एक घोळ हमखास होतो. तो म्हणेल, म्हणजे जांभई पसरत नाही तर! ते चूक आहे. समोरच्याची जांभई पाहून आपल्याला येते, हे इतर संशोधनात दिसलेलं आहे. दावा खरा असूनही त्याचा हा पुरावा अपुरा असू शकतो. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवता येणं मोठ्या माणसांनाही जड जातं, म्हणून इथे पूर्ण आठवडा गेला तरी जाऊ दे. मालिकेचे निकाल तीन: बस्टेड, प्लॉजिबल, कन्फर्म्ड, म्हणजे खोटं, शक्य, खरं. त्याच्या वहीत चौथा रकाना आखून दे, 'पुरावा अपुरा'. मग विचार, पुरेसा पुरावा किती? चार-पाच टक्क्यांचा फरक भरवशाने पकडायचा तर प्रत्येक गटात दीड-दोन हजार माणसं लागतील. पन्नास माणसांत तो कधी सापडणारच नव्हता.

कागदाची घडी हे दुसरं चांगलं प्रकरण. कागद सातपेक्षा जास्त वेळा दुमडता येत नाही, असा समज. २००७ मध्ये त्यांनी फुटबॉलच्या मैदानाएवढा कागद अकरा वेळा दुमडला, शेवटी रोड रोलर आणि फोर्कलिफ्ट लावून. अकरा घड्या म्हणजे २०४८ थर. त्याआधी २००२ मध्येच ब्रिटनी गॅलिव्हन या अमेरिकेतल्या शाळकरी मुलीने एक लांबच लांब पट्टी एकाच दिशेने बारा वेळा दुमडली होती आणि त्यामागचं सूत्रही मांडलं होतं. तुझ्या भावाच्या वयाच्या आसपासच्या मुलीचं काम आहे, हे त्याला जरूर सांग. सूत्र असं: कागदाची जाडी गुणिले पाय (π) भागिले ६, गुणिले (२ चा घड्यांइतका घात, अधिक ४), गुणिले (२ चा घड्यांइतका घात, वजा १). उत्तर येतं ती पट्टीची किमान लांबी.

जाडी एका कागदाची मोजायला गेलात तर मोजपट्टीवर काहीच वाचता येणार नाही. शंभर कागदांची चळत दाबून मोजा आणि शंभराने भागा. साध्या छपाईच्या कागदाची जाडी ०.१ मिलिमीटरच्या आसपास येते. ती सूत्रात घातली की सहा घड्यांना सुमारे २२ सेंटिमीटर, सातला ८८ सेंटिमीटर आणि आठला जवळपास साडेतीन मीटर लांबी लागते. ए-फोर कागद २९.७ सेंटिमीटर लांब, म्हणजे सहा जमाव्यात, सात नाही. हे आधी वहीत लिहून मगच पट्टी कापायची. सहावी घडी जेमतेम पडेल, कारण वळणावर बाहेरच्या थराला जास्त लांब जावं लागतं आणि थर एकमेकांवरून सरकतात. सगळ्या घड्या एकाच दिशेने घाला. आडवी-उभी अशी आलटून-पालटून घातली तर हे सूत्र लागू होत नाही, आणि ही चूक सगळ्यांकडून होते.

उंच इमारतीवरून टाकलेलं नाणं माणसाचा जीव घेतं, हा समज त्यांनी पहिल्याच वर्षी तपासला. एम्पायर स्टेट बिल्डिंगचं छत ३८१ मीटरवर. हवा नसती तर नाणं ताशी सुमारे ३११ किलोमीटर वेगाने खाली आलं असतं, हे त्याच्याकडून काढून घे. हवेत ते ताशी शंभराच्या आसपास अडकतं, हाच त्याचा अंतिम वेग. घरी हे दाखवायला कपकेकचे कागदी साचे घ्या: एक साचा एक मीटरवरून आणि एकात एक बसवलेले चार साचे दोन मीटरवरून, एकाच क्षणी सोडा. दोन्ही जवळपास बरोबर टेकतात, कारण वजन चौपट झालं की अंतिम वेग दुप्पट होतो. पंखा बंद हवा, साचे चपटे झालेले नकोत, आणि दहापैकी किमान सात वेळा जमेपर्यंत निष्कर्ष नको.

गाड्यांच्या टकरीचा प्रयोग त्यातल्या माणसांसाठी बघा. जेमीने एका भागात म्हटलं होतं, ताशी ५० मैलांनी समोरासमोर आदळलेल्या दोन गाड्या म्हणजे १०० मैलांनी भिंतीवर आदळलेली एक गाडी. प्रेक्षकांनी आक्षेप घेतला. त्यांनी २०१० मध्ये खरोखर गाड्या आदळून पाहिल्या आणि प्रेक्षक बरोबर निघाले: प्रत्येक गाडी ५० मैलांनी भिंतीवर आदळल्याइतकीच चेपली. ऊर्जा दुप्पट असते खरी, पण ती दोन गाड्यांत वाटली जाते. १०० मैलांना मात्र एकाच गाडीत ती चौपट होते. मैल, फूट, पौंड जिथे येतील तिथे रूपांतर त्यालाच करू दे: एक मैल १.६०९ किलोमीटर, एक फूट ३०.४८ सेंटिमीटर, एक पौंड ०.४५४ किलो. महिन्याच्या शेवटी त्याने एका निकालावर असंच एक पानी आक्षेपपत्र लिहायचं, आकड्यांसह. परीक्षा म्हणून तेवढं पुरे.

सुरक्षेचा नियम पहिल्या दिवशी ठरव आणि त्यात सूट देऊ नकोस. आग, दाब, बंद डबा, घरातली वीज, उंची आणि स्फोटक रसायनं यांतलं काहीही घरी करायचं नाही. मालिकेत रसायनांची नावं मुद्दाम झाकलेली असतात; ती शोधत बसणं हा अभ्यास नाही, हे स्पष्ट शब्दांत सांग. ६ डिसेंबर २०११ ला कॅलिफोर्नियात याच मालिकेच्या चित्रीकरणात तोफगोळा सरावाच्या मैदानाबाहेर गेला, एका घरातून आरपार निघाला आणि पुढे उभ्या गाडीत जाऊन थांबला. कोणाला इजा झाली नाही. तज्ज्ञ हजर असतानाचं हे आहे.

एका गोष्टीसाठी मालिकेवर विसंबू नकोस: क्रम. बल, ऊर्जा, दाब, उष्णता हे धडे ती ओळीने शिकवत नाही, आणि रसायनशास्त्र तर जवळजवळ नाहीच. म्हणून शेजारी एक नेहमीचं पाठ्यपुस्तक ठेव आणि धड्याप्रमाणे समजुती निवड. नाणं पडण्याच्या धड्यासोबत, गाड्या ऊर्जेच्या धड्यासोबत. उदाहरणं मात्र पुस्तकातलीच सोडवून घे, धड्याला निदान दहा. वहीच्या प्रत्येक पानावर तारीख आणि लागलेला वेळ लिहा. घरच्या शिक्षणाची नोंद दाखवायची वेळ आली तर तीच वही पुढे करता येते.

सोमवारी जांभईपासून सुरुवात कर. रविवारी रात्री वेळा लिहून ठेव, पत्ते बावन्न आहेत का ते मोजून घे, आणि तू स्वतः दहा डाव करून बघ.

सस्नेह